मेघांतील कार्यशाळा

नागपूरकरांस ‘मेघ’ हा शब्द ऐकतांच रामटेक आठवावें, हें साहजिक आहे. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें. संगणकशास्त्रांतील मेघाचा, म्हणजे ‘क्लाउड’चा, जन्म मात्र इतका काव्यमय नाहीं. दूरच्या यंत्रांचें जाळें आकृतींत दाखवितांना अभियंते तेथें ढगासारखें एक चित्र काढीत. तेंच नांव पुढें रूढ झालें. वस्तुतः हा मेघ जमिनीवरच, भक्कम इमारतींत, अहोरात्र थंड ठेवलेल्या संगणकांच्या रांगांत असतो. तेथील यंत्रें भाड्यानें घेतां येतात.

भाड्यानें बळकट यंत्र मिळतें, हा लाभ उघड आहे. विद्यार्थ्यास त्याहून मोलाचा असा दुसरा एक लाभ आहे, व तो सहसा कोणी सांगत नाहीं. समजा, सात भागिले दोन किती, हा प्रश्न ‘पायथॉन’ नामक संगणकीय भाषेंत विचारला. महालांतील घरच्या जुन्या संगणकानें उत्तर दिलें ३; धरमपेठेंतील मित्राच्या संगणकानें दिलें ३.५. वाक्य अक्षरशः एकच, आणि दोन्ही यंत्रें निर्दोष! फरक आहे तो दुभाष्यांत. संगणकास स्वतः पायथॉन कळत नाहीं. ती वाचून यंत्राकडून काम करवून घेणारी एक आज्ञावली मध्यें असावी लागते. ह्या दुभाष्याची दुसरी पिढी पूर्णांकांच्या भागाकारांतील अपूर्णांक टाकून देई. २००८ साली आलेली तिसरी पिढी तो राखते. दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं थांबली, पण जुन्या यंत्रांतून ती अद्याप बिऱ्हाड करून आहे.

शिवाय दुभाष्याच्या हाताखालीं पूरक आज्ञावलींचे अनेक संच असतात आणि त्यांच्याही आवृत्त्या निघतच राहतात. ह्या साऱ्या गोताळ्यास त्या भाषेचा ‘परिसर’ म्हणावें. वर्षभर खपून केलेला प्रकल्प घरीं बिनबोभाट चालतो आणि परीक्षकांसमोर नेमका अडतो, तेव्हां दोष बहुधा परिसराचा असतो. गुण मात्र मुलाचे जातात, आणि घरच्यांस वाटतें कीं त्यानें अभ्यासच केला नाहीं.

क्लाउडवर हा परिसर हातानें मांडावयाचा नसतो. त्याची कृति लिहून ठेवावयाची असते. कोणता दुभाष्या, कोणते संच, कोणत्या क्रमानें, हें एका लहानशा लेखांत नोंदलें कीं यंत्र त्याबरहुकूम एक सांचा तयार करतें, आणि त्या सांचांतून हव्या तितक्या सारख्या प्रती निघतात. २०१३ मध्यें आलेल्या ‘डॉकर’ ह्या साधनानें ही रीत सर्वतोमुखी केली. एक प्रत बिघडली तर दुरुस्तीच्या नादीं न लागतां ती टाकून दुसरी काढावी. अट एवढीच कीं कृतींत आवृत्तीचा अंक स्पष्ट असावा. नुसतें ‘पायथॉन आणावा’ असें लिहिल्यास आज एक मिळेल, पुढल्या वर्षीं दुसराच. स्वयंपाकांत ‘मीठ अंदाजानें’ चालतें. येथें चालत नाहीं.

ह्याच तत्त्वाचें घरगुती रूप पवईच्या आय. आय. टी. मुंबईनें दाखविलें. फ्रान्समधील ‘इन्रिया’ संस्थेंत जन्मलेली ‘सायलॅब’ ही गणिती भाषा त्या संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पानें क्लाउडवर ठेवली. देशभरच्या विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं पाठ्यपुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें त्या भाषेंत उतरविलीं होतीं. पुस्तक, प्रकरण व उदाहरण निवडलें कीं तें तेथल्या तेथें चालवून पाहतां येई. घरच्या संगणकावर कांहीं बसविण्याचें कारणच उरलें नाहीं.

अंतराची धास्ती नसावी. अमेझॉनसारख्या कंपनीनें जून २०१६ मध्यें मुंबईस आपलें केंद्र उघडलें. नागपूरपासूनचे हे सुमारें ८०० किलोमीटर काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाच्या अडीचशेव्या भागांत तोडूं शकतो. तारा वळणावळणानें जातात, म्हणून प्रत्यक्षांत कांहीं अधिक वेळ लागतो इतकेंच.

धास्ती धरावी ती विस्मरणाची. भाड्याचें यंत्र म्हणजे दाराशीं उभा केलेला टांगा. आंत कोणी बसो वा न बसो, भाडें चढतच असतें. काम संपल्यावर केवळ पडद्यावरील खिडकी मिटल्यानें तें यंत्र थांबत नाहीं, तें निराळें बंद करावें लागतें. खर्चाची मर्यादा ओलांडतांच सूचना यावी, अशी सोय बहुतेक ठिकाणीं असते; ती पहिल्याच दिवशीं लावून घ्यावी. खात्याची गुप्त किल्ली कृतीच्या लेखांत लिहूं नये, कारण तो लेख मित्रामित्रांत फिरतो आणि किल्लीही त्याबरोबर फिरते.

आणखी एक. सांचांतून काढलेली प्रत टाकतांना तिच्यांत लिहिलेलें सर्व तिच्याबरोबर जातें. परिसर पुन्हां उभा राहील, पण रात्रभर जागून लिहिलेलीं पानें कोणतीही कृति परत देणार नाहीं. तीं आधीं वेगळ्या कोठारांत ठेवावीं, एक नक्कल घरींही ठेवावी, आणि मग यंत्र बंद करावें.