जुन्या गाडीचे नवे टायर

टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती चालेल?’ दुकानदाराचे उत्तरही तयार असते. चाळीस हजार, पन्नास हजार, जपून चालवली तर साठसुद्धा. या प्रश्नामागे आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. वस्तू जितकी टिकली तितके पैसे वसूल झाले, हा न्याय आपण चपलेपासून छत्रीपर्यंत सगळीकडे लावतो. दहा-बारा वर्षांची, भाजीपासून बँकेपर्यंतच्या कामाला लागणारी, अधूनमधून गावी जाणारी आणि वर्षाकाठी पाच-सहा हजार किलोमीटरच फिरणारी गाडी घरात असेल, तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही. माझ्याकडे अशीच एक गाडी आहे. तिच्यासाठी टायर निवडण्याच्या निमित्ताने मी जे वाचत आणि पाहत गेलो, त्याचा हा गोषवारा.

पोस्टकार्डाएवढी जागा

धावत्या गाडीचा रस्त्याशी संबंध नेमका किती जागेत येतो, याचे ढोबळ गणित शाळकरी आहे. चार माणसे बसलेली छोटी गाडी साधारण ११०० किलो भरते. टायरमध्ये ३२ पौंड हवा आहे, याचा अर्थ प्रत्येक चौरस इंचावर ३२ पौंडांचा दाब आहे. वजनाला दाबाने भागले की सुमारे ७६ चौरस इंच, म्हणजे ४९० चौरस सेंटिमीटर येतात. चार चाकांत वाटल्यावर एका चाकाच्या वाट्याला साधारण १२२ चौरस सेंटिमीटर. आपले टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६. वळणे, वेग घेणे, थांबणे हे सगळे या चार पोस्टकार्डांवर चालते. ब्रेक कितीही उत्तम असला तरी तो फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवायची ती टायरनेच.

पाऊस पडला की या पोस्टकार्डाखाली पाणी येते. टायरवरच्या खाचा केवळ नक्षीसाठी नसतात. पाणी बाजूला काढून रबराला रस्त्यापर्यंत पोचू देणे हे त्यांचे काम. खाचा झिजल्या, पाणी जास्त झाले आणि वेग वाढला की टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडीला काही कळत नाही. अमेरिकेच्या ‘नासा’मधील हॉर्न आणि ड्रेहर या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून या प्रकाराचे एक सूत्र मांडले. मोटारीला ते ढोबळमानानेच लागू होते, पण त्याने सांगितलेली गोष्ट महत्त्वाची आहे : तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. ३२ पौंडांना तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २० पौंडांना ७५ च्या आत. हवा तपासायचा कंटाळा केला की किती वेग हातचा जातो, ते यावरून समजावे.

आपल्याकडे मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोलीचे कायदेशीर बंधन आहे. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बाद. नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटर असते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात गाडी चालवणाऱ्याने १.६ ची वाट पाहू नये. मी ३ मिलिमीटरला टायर बदलायचे ठरवले आहे.

तीन गुणांची ओढाताण

टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. टायर कमी झिजावा, ओल्या रस्त्यावर घट्ट पकड मिळावी आणि फिरताना त्याने इंधन कमी खावे. अडचण अशी की हे तिन्ही गुण एकमेकांना ओढतात. ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाला रबर चिकटते, कारण ते दबते, पसरते आणि त्यात ऊर्जा गमावते. पण ऊर्जा गमावणे म्हणजेच जास्त पेट्रोल. कडक रबर कमी झिजते, पण रस्त्याला तितकेसे धरत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रबरात काजळीच्या जोडीने सिलिका मिसळू लागले, तेव्हा पकड आणि इंधन यांचे भांडण बरेच कमी झाले. पूर्ण मिटले मात्र नाही.

आता ‘किती चालेल?’ या प्रश्नाकडे पुन्हा पाहू. ४५ हजार किलोमीटर चालणारा टायर वर्षाला ६ हजार फिरणाऱ्या गाडीवर साडेसात वर्षे राहील. तेवढ्या काळात खाचा शाबूत असतील, पण रबर म्हातारे झालेले असेल. शेवटची दोन वर्षे आपण दिसायला चांगल्या, पण हाताला टणक लागणाऱ्या टायरवर फिरत असू. म्हणजे दीर्घायुष्याच्या नावाने जे पैसे मोजले आणि जी पकड सोडली, ती आपण कधीच न कापणाऱ्या किलोमीटरांसाठी. त्यापेक्षा तीस-पस्तीस हजार चालणारा, पण ओल्यात चांगला थांबणारा टायर अशा गाडीला अधिक शोभतो. त्याच्या खाचा आणि त्याचे रबर साधारण एकाच सुमाराला संपतात. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे गणित वेगळे. त्याने टिकाऊपणा जरूर मागावा.

रबराचे म्हातारपण

चार्ल्स गुडइयरला १८३९ साली गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधले जातात आणि चिकट पदार्थाचे लवचीक वस्तूत रूपांतर होते. कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता रबरावर काम करतच राहतात. साखळ्या काही ठिकाणी तुटतात, काही ठिकाणी नको तितक्या जखडतात, आणि रबर कडक होते. हवेतल्या ओझोनमुळे बाजूवर बारीक भेगा पडतात. त्याविरुद्ध रबरात मेण आणि संरक्षक रसायने घातलेली असतात, पण ती पृष्ठभागावर नीट येत राहण्यासाठी टायर फिरावा, वाकावा लागतो. म्हणून उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर कमी चालूनही लवकर पिकतो. ‘गाडी फारशी बाहेर निघतच नाही’ ही टायरच्या बाबतीत समाधानाची गोष्ट नाही.

हे वार्धक्य किती महाग पडू शकते, ते अमेरिकेत दिसले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेच फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवर होते. वेगात असताना टायरचा वरचा थर पोलादी पट्ट्यांसकट सुटून येई आणि गाडी उलटे. दोनशेहून अधिक माणसे दगावली. टायरच्या रचनेतले दोष होतेच. त्यात फोर्डने सुचवलेला २६ पौंडांचा कमी दाब आणि दक्षिणेकडच्या राज्यांतला उन्हाळा यांची भर पडली. पुढे तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने टायरच्या वयावर दीर्घ संशोधन केले. एका मोठ्या विमा कंपनीच्या आकडेवारीत असे आढळले की, तिचे २७ टक्के ग्राहक पाच उष्ण राज्यांत राहत होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. आणि त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते.

विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर आणला, तर हे आकडे परके वाटत नाहीत. गावात ताशी चाळीसने फिरणारा आठ वर्षांचा टायर वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. तोच मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास ताशी १२० ने पळवला की त्याची खरी परीक्षा होते. इथे एक गैरसमज घातक ठरतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असे अनेक जण सांगतात. खरे तर हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिली असेल तितकीच भरावी. भरगच्च सामान आणि माणसे असतील, तर पट्टीवर त्यासाठी वेगळा आकडा असतो.

टायरवरचा मजकूर

टायरच्या बाजूवर बरेच काही कोरलेले असते आणि ते वाचणे अवघड नाही. अनेक छोट्या गाड्यांवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असे माप दिसते. रुंदी १६५ मिलिमीटर. बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेली रचना. आणि १४ इंची रिम. पुढचा ८५ हा वजनाचा अंक : एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवा टायर घेताना शेवटचे दोन संकेत मूळ टायरपेक्षा खालचे नसावेत.

दुकानात रुंद टायरचा आग्रह होतो. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो, १८५/७० आर १४ चा ६१५. फरक इतका कमी की वेगमापकात गडबड होत नाही. कोरड्या रस्त्यावरच्या वळणात पकडही थोडी वाढते. पण स्टिअरिंग जड होते, पेट्रोल थोडे जास्त लागते, आणि पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. रोजच्या गाडीला मूळ मापच बरे.

सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे एका लंबगोल चौकटीतले चार आकडे. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कधीकधी हे आकडे एकाच बाजूवर असतात, म्हणून टायर बसवण्याआधी पाहावेत. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात. आपल्या हवेत मी सहाच धरतो. जुन्या गाड्यांच्या १२-१३ इंची मापांना मागणी घटली आहे, त्यामुळे असा माल गोदामात पडून राहण्याची शक्यता अधिक. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाईलही, पण रबराचे वय कारखान्यापासून सुरू होते. सहा महिन्यांच्या आतला माल मागावा, नसेल तर चार दिवस थांबावे.

कोणत्या कंपनीचा घ्यावा? एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. भांडुपच्या सिएटच्या मूळ इटालियन नावात विजेच्या तारा आहेत. आज या आणि इतर मोठ्या कंपन्यांवर आयएसआय मानकाचे बंधन आहे, आणि प्रत्येकीकडे एक प्रकार टिकाऊपणाचा तर दुसरा पकडीचा असतो. त्यामुळे नावापेक्षा प्रकार विचारावा. टायरवर झिजेचा अंक असेल, तर तो एकाच कंपनीचे दोन प्रकार ताडून पाहायलाच वापरावा. दोन कंपन्यांचे अंक एका मापाने मोजलेले असतीलच असे नाही.

काढलेला टायर आणि स्टेपनी

जुना टायर टाकण्यापूर्वी नीट पाहावा. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी राहत होती. मधला भाग झिजला असेल, तर जास्त. एकच कड गेली असेल, तर अलाइनमेंट बिघडले आहे. जागोजागी खड्डे पडल्यासारखे वाटले, तर शॉकअब्सॉर्बर दमले आहेत. दहा वर्षांच्या गाडीत ही दुरुस्ती आधी आणि टायर नंतर, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने जातो. रबरी व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलावा. नायट्रोजनचा आग्रह झाला, तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे लक्षात ठेवावे.

चारही टायर एकदम परवडत नसतील, तर दोन घ्यावेत आणि ते मागे लावावेत. पुढच्या चाकांना इंजिन जोडलेले असले तरीही. ओल्या वळणावर पुढची चाके सुटली, तर गाडी सरळ जाऊ लागते. पाय सैल केला की बहुधा सावरते. मागची सुटली, तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणे सामान्य चालकाच्या हाती नसते.

पाचव्या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ मध्ये जादा चाक बनवण्याचा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचे नाव चाकाला लागले. आपल्या बोलण्यात तो शब्द रुळून गेला. जुन्या गाडीतली स्टेपनी मात्र बहुधा गाडीच्याच वयाची असते, खाचा कोऱ्या आणि रबर दगडासारखे. तिच्यावरचे चार आकडेही एकदा पाहावेत. जुनी असेल, तर तिच्यावर जवळच्या दुकानापर्यंतच, तेही सावकाश जावे.

खरेदीला दिवाळीचा मुहूर्त साधायची आपली रीत आहे. टायर बदलायला आला असेल, तर तो आजच बदलावा. पण निवडीला वाव असेल, तर मेअखेरीची वेळ उत्तम. नव्या खाचांची सर्वांत जास्त गरज पुढच्या चार महिन्यांत असते. जून उजाडतो, पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून निसरडे होते, आणि पुढची रिक्षा अचानक थांबते. त्या वेळी टायर किती हजार किलोमीटर चालणार आहे, याला फारसा अर्थ उरत नाही.