‘काही खातच नाही हो!’

शहरातील बालवैद्याच्या दवाखान्यात तासभर बसावे, म्हणजे दोन ते पाच वर्षांच्या मुलांविषयी एकच फिर्याद आयांच्या आणि हल्ली आज्यांच्याही तोंडून पुनःपुन्हा कानी पडते : ‘काही खातच नाही हो!’ ज्याच्याविरुद्ध ही फिर्याद दाखल झालेली असते, ते चिरंजीव त्या वेळी बहुधा बाकावर पाय हालवीत पुड्यातले तिसरे बिस्कीट संपवीत असतात.

फिर्याद खोटी नसते, कैफियत अपुरी असते. जन्मतः तीन किलो वजनाचे मूल वर्षात नऊ किलोंच्या आसपास पोहोचते. परंतु दुसऱ्या वाढदिवसानंतर तेच मूल वर्षाकाठी जेमतेम दोन किलोंनी वाढते, आणि वाढीचा वेग मंदावला की भूकही त्याच प्रमाणात मंदावते. निसर्गाचा हा शिरस्ता ठाऊक नसलेले घर घाबरते, आणि ‘जेवला नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे’ या न्यायाने तेथे जे सुरू होते, त्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १०१० कॅलरींची. साखर आणि चॉकलेटी पूड घातलेले दोन पेले दूध आणि मधल्या वेळी बिस्किटांचा एक लहानसा पुडा, एवढ्यानेच साडेपाचशेचा भरणा होतो; म्हणजे वरणभाताची ताटली पुढे येण्यापूर्वी निम्म्याहून अधिक खाते भरलेले असते. मग मूल तोंड फिरविते, ते हिशेबाला धरूनच!

खरा तोटा येतो तो लोहात. दुधात लोह नाममात्र असते, आणि ज्या डाळी, पालेभाज्या, नाचणी वा मासळी ते पुरवू शकतात त्यांना पोटात जागाच उरत नाही. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत हे मान्य करूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ग्रामीण भागात ६८.३ टक्के आणि शहरी भागात ६४.२ टक्के रक्तक्षयी आढळली, हे ध्यानात घेतले पाहिजे. नळाचे पाणी, दवाखाने, भरलेल्या मंडया एवढे सारे हाताशी असून शहराने मिळविलेली आघाडी ती एवढी.

बंगला आणि झोपडी यांना जोडणारा एक जिन्नस शहरात आहे, तो म्हणजे पाच रुपयांची खारट पुडी. धुण्याभांड्याच्या कामाला भल्या सकाळी निघालेली आई मुलाच्या हाती नाणे ठेवते, तेव्हा तिला दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज अंगणवाडीत पूरक आहार देण्याची तजवीज आहे. पण अंगणवाडी काही तासांची आणि आईचे काम दिवसाचे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ज्या अंगणात मुले जमविली, ते अंगणही शहरात कोठून आणावे?

सुखवस्तू घरांची ‘मोबाइलशिवाय खातच नाही’ ही सबब मात्र मला पटत नाही. चिऊकाऊचे घास भरविणारी आजी मुलाचे लक्ष घासाकडे वळवीत असे. मोबाइल ते घासावरून काढून घेतो, आणि पोट भरल्याची खूण मुलाला कळेनाशी होते. नवी भाजी दोनदा थुंकली म्हणून बाद करू नये. आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा, ती मुकाट्याने ताटात येऊ द्यावी लागते. वरणभातावर लिंबू पिळावे, कारण त्याने डाळीतले लोह अंगी लागते. चहा मात्र तेच लोह अडवितो.

आठ दिवस दोन जेवणांच्या मध्ये ठरलेल्या एका खाण्याखेरीज काही देऊ नका, आणि भूक लागू द्या. दर महिन्याला वजन मात्र पाहा. ते तीन महिने चढलेच नाही, तर डॉक्टरांकडे अवश्य जा, बिस्किटांचा पुडा घरी ठेवून.