कायदेमंडळाचें कामकाज घरबसल्या पाहण्याचा खर्च कोणीं सोसावा?

ज्या सभागृहांत जमिनीवरील कर, पाण्याचे हक्क आणि बाजाराचे नियम ठरतात, तेथें कोण काय बोललें हें शेतकऱ्यास कळलें पाहिजे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. वाद आहे तो खर्चाचा. अमेरिकेंतील राज्यांनीं या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं असून त्यांचे परिणामही आतां दिसून आले आहेत; सबब ते वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिंपिया कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेस, तर गव्हाचीं शेतें व सफरचंदांच्या बागा बहुतांशीं पूर्वेस आहेत. कायदेमंडळाचें अधिवेशन जानेवारींत भरतें, आणि त्याच दिवसांत घाटांत बर्फ पडून रस्ते अडतात. पूर्वेकडील स्पोकेनहून राजधानी तीनशे मैलांवर. एका बिलाची चर्चा ऐकण्यास इतका प्रवास कोण करील? येथें १९९५ सालापासून टीव्हीडब्ल्यू ही नफा न घेणारी संस्था सभागृहांचें कामकाज अथपासून इतिपर्यंत दाखविते. तिच्या खर्चाचा मोठा भाग राज्याच्या तिजोरींतून येतो, तथापि ती सरकारी खातें नाहीं.

खाजगी पैशावर विसंबणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. दूधदुभत्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या विस्कॉन्सिन राज्यांत २००७ पासून हें काम मुख्यतः देणग्यांवर चाले. २०२५ च्या डिसेंबरांत पैशाअभावीं प्रक्षेपण थांबविण्याची पाळी आली. कॅलिफोर्नियांत केबल कंपन्यांनीं १९९१ सालीं काढलेली वाहिनी २०१९ सालीं बंद पडली. मात्र तेथील मतदारांनीं २०१६ सालींच राज्यघटनेंत असें कलम घातलें होतें, कीं जाहीर बैठकींचें चित्रमुद्रण २४ तासांच्या आंत लोकांस खुलें करावें व निदान २० वर्षें जपावें. त्यामुळें वाहिनी गेली, तरी कायदेमंडळाचें कर्तव्य राहिलें.

मग सरकारी पैसा आला म्हणजे काळजी मिटली काय? तसें नाहीं. कनेक्टिकट राज्यांत १९९९ पासून एक स्वतंत्र संस्था राज्याच्या पैशावर हें काम करी. २०१७ सालीं तिच्या रकमेंत मोठी कपात झाली. संपादकीय स्वातंत्र्याविषयींही मतभेद होते. अखेर संस्थेनें अंग काढून घेतलें आणि कायदेमंडळानें कारभार आपल्याकडे घेतला. ज्याच्या हातीं थैली, त्याच्या हातीं कॅमेरा, हा धोका लहान नव्हे. सभासद झोपलेला असो कीं सभागृह अर्धें रिकामें असो, तें दाखवावें कीं नाहीं हें त्याच सभासदांनीं ठरविणें बरें नाहीं.

आमच्या मतें खर्च सार्वजनिक तिजोरींतूनच व्हावा, परंतु रक्कम कायद्यानें कांहीं वर्षांसाठीं बांधून द्यावी, हिशेब तपासला जावा, आणि कॅमेरा बहुमतवाल्यांच्या आज्ञेंत नसावा. आपल्याकडे संसदेचें कामकाज दाखविणारी लोकसभेची वाहिनी २००६ सालीं निघाली, व २०२१ सालीं ती आणि राज्यसभेची वाहिनी मिळून संसद टीव्ही झाली. केरळ विधानसभेनें २०२० सालीं सभा टीव्ही सुरू केली. पाटाचें पाणी कोणत्या शेतास किती गेलें हें जसें आपण नोंदवून घेतों, तसाच आपल्या प्रतिनिधीच्या शब्दांचा हिशेब ठेवण्याची सोय मागणें हा उपकार मागणें नव्हे. आमच्या वाचकांनीं आपल्या आमदारांस या गोष्टी अवश्य विचाराव्या.