अर्ध्या सायकलीचं औत

जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात शेंदुर्णी हे गाव आहे. इथल्या गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्याने सायकलीचं पायडल काढलं, चेन काढली, सीट, कॅरिअर आणि मागचं चाकही काढलं. उरलं ते पुढचं चाक, चिमटा आणि हँडल. त्याला त्यांनी मातीत चालणारी दाती आणि पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं, जोडली आणि ते अवजार ढकलत पिकाच्या ओळींमधून चालू लागले. ‘कृषिराजा’ हे त्याचं नाव.

सायकल घडवायची म्हणजे भागाला भाग जोडत जायचं, असं आपल्याला वाटतं. इथे एक माणूस भाग काढत गेला आणि त्यातून नवी वस्तू जन्माला आली. ती चालते कशी, हे समजून घेऊ लागलं की रोजच्या पाहण्यातल्या सायकलीकडे नव्याने पाहावंसं वाटतं.

गरज होती बैलांची. बैलजोडी विकत घेणं आणि वर्षभर तिला वैरण घालणं लहान शेतकऱ्याला पेलत नाही. भाड्याने आणावी, तर अडचण वेळेची. पाऊस उघडतो, काळी माती जरा सुकते, पायाला चिकटायची थांबते आणि तरी आत ओल असते. हा वाफसा. ओळींमधलं तण काढण्याची कोळपणी त्याच वेळी व्हायला हवी. आधी केली तर चिखल होतो, उशीर केला तर माती दगडासारखी होते. त्यामुळे अख्ख्या गावाला बैल एकाच वेळी हवे असतात आणि ज्याच्या घरी बैल नाहीत त्याची पाळी शेवटी येते. तोवर तण वर आलेलं असतं.

भिसे यांना कल्पना सुचली ती रस्त्यावर. सायकलीवर भरलेली पोती लादून एक माणूस चढ चढत होता. एवढं ओझं त्याला डोक्यावर उचलताही आलं नसतं. पण चाकावर टाकल्यावर तो ते सहज ढकलत नेत होता. ओझं चाकाचं, माणसाने फक्त जोर लावायचा आणि दिशा द्यायची. मग हेच चाक शेतात का चालू नये?

आता हिशेब पाहा. शेतकी अभियांत्रिकीत बैलजोडीची ताकद साधारण १ अश्वशक्ती धरतात आणि माणसाची त्याच्या दहाव्या भागाएवढी. म्हणजे बैलांच्या जागी माणूस उभा राहिला तर दहातले नऊ भाग बळ कमी पडतं. नांगरणीत हे अंतर कशानेच भरून निघणार नाही, कारण नांगर खोल जातो. कोळपणीला मात्र वरची दोन बोटं माती पुरते. तणाचं मूळ कापलं गेलं, वरची माती भुसभुशीत झाली, की काम झालं. बैलांचं बरंचसं बळ अवजड लाकडी-लोखंडी अवजार ओढण्यातही जातं. ते वजन कमी केलं आणि उरलेलं चाकावर दिलं, तर माणसाच्या वाट्याला फक्त माती कापण्याचं काम राहतं.

आणि चाक कोणतं, तर २८ इंची. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलीचं हे उंच चाक खड्ड्यांच्या रस्त्यांसाठी होतं, पण ढेकळांच्या रानातही तेच कामी येतं. समजा वाटेत दोन इंचाचं घट्ट ढेकूळ आलं. २८ इंची चाक त्यावर चढवायला चाकावरच्या भाराच्या सुमारे ६० टक्के आडवा जोर लागतो. चाक ८ इंची असतं तर त्याच ढेकळावर भाराच्या पावणेदोनपट जोर लागला असता. ओझं तेच, ढेकूळ तेच, पण जोर जवळजवळ तिप्पट. मोठ्या चाकाला ढेकूळ म्हणजे छोटा चढ असतो, छोट्या चाकाला तीच भिंत होते.

चाक एवढं मोठं असून इतकं हलकं कसं, या कोड्याचं उत्तर तारांमध्ये आहे. ब्रिटिश धाटणीच्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. त्यातली एक तार सुटी घेऊन उभी दाबली तर ती लगेच वाकते. म्हणून ती चाकात ताणून बसवलेली असते. सगळ्या तारा एकाच वेळी रिमला हबकडे खेचत असतात. भार आला की खालच्या दोन-चार तारांचा ताण थोडा उतरतो, आणि त्या उतरलेल्या ताणावरच सगळं ओझं पेललं जातं. सायकलवाला चाकाचा आऊट काढतो, म्हणजे हा ताण बोटांनी वाचत, चावी पाव फेरा इकडे-तिकडे फिरवत, तारांमध्ये सारखा वाटतो. जमिनीवर बसून होणारं हे काम खरं तर फार नाजूक बांधकाम आहे.

आता पासेकडे वळू. चाक पुढे, पास त्याच्या मागे, हँडल धरलेले हात सगळ्यात मागे. चाकाचा धुरा हा टेकू मानला तर ही एक तरफच झाली. हात टेकूपासून लांब आणि पास जवळ, त्यामुळे हात जितका खाली-वर होतो त्याहून पास कमी हलते. चालता चालता मुठी किंचित दाबल्या की पास जरा खोल जाते, किंचित उचलल्या की वर येते. रुमण्यावर, म्हणजे औताच्या मुठीवर, हात ठेवून बैलांमागे चालणाऱ्याला हा अंदाज अंगवळणी असतोच. इथे तो सायकलीच्या हँडलवर आला.

तीन फुटांवर ओळी असलेल्या कपाशीत प्रत्येक ओळीमधून एकदाच गेलं, तरी एका एकराला जवळजवळ साडेचार किलोमीटर चालणं होतं. २८ इंची चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जातं. म्हणजे एका एकरात ते सुमारे २ हजार वेळा फिरतं. या चालण्याचं मोल मोठं आहे. काळी माती सुकताना भेगाळते आणि भेगांमधून ओल उडून जाते. कोळपणीने भेगा बुजतात, वरचा थर मोकळा होतो आणि खालचं पाणी खालीच राहतं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात ते यासाठीच.

हे सगळं जुन्या सायकलीतून उभं राहू शकतं, यामागे तिच्या धातूचा मोठा हात आहे. रोडस्टरची नळी साध्या पोलादाची असते. फ्रेमचे सांधे पारंपरिक पद्धतीत पितळेने झाळलेले असतात. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं आणि पोलाद १४०० च्या वर, त्यामुळे पितळ सांध्यात पाण्यासारखं शिरतं आणि नळी शाबूत राहते. हीच फ्रेम गावातला वेल्डर कापू शकतो, पुन्हा जोडू शकतो. फक्त हात सावध हवा, कारण नळीची जाडी कमी असते आणि ठिणगी क्षणभर जास्त टेकली की भोक पडतं. शिवाय रोडस्टरचे पुष्कळसे भाग ठरलेल्या मापाचे असल्यामुळे एका सायकलीचं चाक दुसरीच्या चिमट्यात बसतं. भंगारातून वस्तू घडवणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही. छर्रे झिजले असतील तर बदलायचे, वाटीत ग्रीस भरायचं, चिमटा वाकला असेल तर सरळ करायचा, आणि चाक पुन्हा वर्षानुवर्षांसाठी तयार होतं.

एका चाकाचं हातकोळपं जगाला नवं नव्हतं. ‘प्लॅनेट ज्युनियर’ नावाची अशी अवजारं एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत कारखान्यात बनत होती. शेंदुर्णीची गोष्ट वेगळी अशी की तिथे कारखान्याची वाट पाहावी लागली नाही. कारखान्याने बनवलेलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे चाक, जुन्या सायकलीच्या रूपाने गावात आधीच येऊन पडलं होतं. गावपातळीवरच्या संशोधकांना जोडणाऱ्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कच्या प्रेरणेतून २००० साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन स्थापन झालं. गावोगावच्या अशा शोधांची नोंद ठेवणाऱ्या या संस्थेने भिसे यांच्या अवजाराची दखल घेतली आणि ते खानदेशाबाहेरच्या लोकांनाही कळलं.

यात मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची धूळ आकाशात पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, घोड्यांचा दाणा महागला. जर्मनीतल्या बाडेन राज्याचे वनाधिकारी कार्ल ड्राइस यांनी १२ जून १८१७ रोजी मानहाइममध्ये आपलं दुचाकी यंत्र चालवून दाखवलं. घोड्यांच्या टंचाईतूनच त्यांना ते सुचलं असावं, असं काही इतिहासकारांचं मत आहे. त्या यंत्राला पायडल नव्हतं, चेन नव्हती. माणूस जमिनीला पाय रेटत पुढे जायचा. पायडल १८६० च्या दशकात आलं, मागच्या चाकाला चेन जोडलेली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ १८८५ साली.

भिसे यांनी ही भर एकेक करून उतरवली, तेव्हा सायकल पुन्हा तिच्या पहिल्या रूपाजवळ पोहोचली: एक चाक, एक मूठ आणि जमिनीला रेटणारे माणसाचे पाय. तिथे घोडा महागला होता, इथे बैल. दोन्ही वेळा जनावराची जागा चाकाने घेतली.

बाजूला ठेवलेल्या मागच्या अर्ध्या भागाचंही काम आपण पाहिलेलं आहे. गल्लीत धार लावणारा येतो, सायकल स्टँडवर चढवतो आणि पायडल मारू लागतो. मागच्या चाकावरचा पट्टा दगड फिरवतो, ठिणग्या उडतात, विळ्या-सुऱ्यांना धार चढते. एकाने सायकलीचा पुढचा अर्धा वाचला, दुसऱ्याने मागचा. कोळप्याची पास बोथट झाली की तिलाही अशीच धार लावून घ्यावी लागते.