प्रतिकृतीचा रंग आणि वऱ्हाडचे पाणी

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारणे हा महाराष्ट्रातील मुलांचा जुना छंद होय. वय वाढले तरी तो काहींना सोडत नाही. मातीच्या जागी प्लास्टिक व पुठ्ठा येतो, आणि प्रत्येक दगड मापात बसविण्याची हौस जडते. अशा हौशी मनुष्याला अंजनगाव सुर्जीच्या परिसरात विषयाची वाण पडू नये. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यातील तह याच गावी झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी, १५ डिसेंबरला, मेळघाटातील गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला होता. त्या गडाच्या दरवाजावरील गंडभेरुंडाचे शिल्प आजही पाहावयास मिळते.

समजा, हा दरवाजा ७२ पटींनी लहान करावयाचा आहे. दगडावरील एक सेंटिमीटर खोल खाच प्रतिकृतीत सुमारे ०.१४ मिलिमीटरच उरते. कुंचल्याने दिलेला दाट रंग तीत एक दशांश मिलिमीटर साचला, तरी ती जवळजवळ बुजून जाते. अनेक दिवसांचे कोरीवकाम रंगाच्या एका हातात नाहीसे व्हावे, याहून मोठे नुकसान कोणते? म्हणूनच जाणते कारागीर हवेच्या दाबाने रंगाचे तुषार उडविणारे एअरब्रश हे उपकरण वापरतात. परंतु त्याचे तोंड बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते. तेव्हा रंग पातळ करणे ओघानेच आले. आणि खरी मेख येथेच आहे.

रंगात पाणी घातले की तो पातळ होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पाण्यावर आधारलेला अ‍ॅक्रिलिक रंग हा साखरेच्या पाकासारखा द्राव नव्हे. त्याचे साम्य दुधाशी अधिक आहे. दुधात स्निग्धांशाचे कण तरंगत असतात, तसे या रंगात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांस चिकटतात व रंगद्रव्याला धरून ठेवणारा पापुद्रा बनतो. पाणी प्रमाणाबाहेर झाले, तर कण विरळ होऊन पापुद्रा दुबळा राहतो. शिवाय अळूच्या पानावरील थेंबांप्रमाणे रंग प्लास्टिकवर गोळा होतो. यासाठी पृष्ठताण कमी करणारे, त्या रंगासाठीच तयार केलेले विरलक वापरणे श्रेयस्कर.

दूध फाटते तसा हा रंगही फाटतो. जपानच्या टामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने उत्तम पातळ होतात. पण स्पेनच्या व्हायेहोसारख्या केवळ पाण्याच्या रंगात तेच अल्कोहोल घातले असता गुठळ्या होतात. एकाचे औषध दुसऱ्यास विष ठरते, ते असे. क्षारांचाही परिणाम काहीसा असाच. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ओळख वऱ्हाडात कोणास करून द्यावयास नको. असले विहिरीचे पाणी रंगात घातल्यास कण एकत्र येण्याचा धोका असतो, आणि वाळल्यावर काळ्या दगडाच्या रंगावर पांढुरकी झाक दिसू लागते. येथे ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली आणणे हा चैनीचा खर्च समजू नये.

दुसरी अडचण उन्हाची. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो. अशा कोरड्या हवेत तुषार वाटेतच सुकतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. सुईच्या टोकावर रंग सुकून मार्गही बंद होतो. यावर वाळण्याचा वेग मंदावणारे द्रव्य थेंब-दोन थेंब घालावे, काम सकाळच्या गारव्यात करावे, आणि सुईचे टोक ओल्या मऊ कुंचल्याने अधूनमधून पुसावे. कूलरने खोलीत ओलावा येतो, तो उपकारकच. मात्र प्रत्यक्ष फवारताना तो बंद ठेवावा, नाही तर झोताने तुषार भलतीकडेच जातात.

प्रमाणाविषयी म्हणावयाचे तर एक भाग रंगास एक भाग विरलक येथून आरंभ करावा व गरजेप्रमाणे ते दोन भागांपर्यंत वाढवावे. भांड्याच्या कडेला लावलेला थेंब दुधासारखा ओघळून मागे पातळ पडदा ठेवील, तर मिश्रण जमले. ते बारीक जाळीतून गाळून घ्यावे. हवेचा दाब चौरस इंचास १५ ते २० पौंड पुरतो. प्रथम टाकाऊ प्लास्टिकवर फवारून पाहावे. जाड ठिपके उडाले तर रंग दाट आहे. कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटले तर तो फार पातळ आहे, अथवा दाब अधिक आहे. एकाच जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर, मधला प्रत्येक सुकू देऊन, द्यावेत. रंग पाण्याचा असला तरी तुषार फुप्फुसांस अपायकारकच. तोंडावर योग्य मुखपट्टी व खोलीस खिडकी हवी. अल्कोहोल वापरताना जवळ ज्योत नसावी.

बाटलीवर छापलेले प्रमाण ज्या हवेत ठरले, ती हवा अंजनगावची असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक खेपेस महिना, उष्णतामान व थेंबांची संख्या वहीत टिपून ठेवावी. एक पावसाळा, एक हिवाळा व एक उन्हाळा उलटला की त्या वहीत वऱ्हाडच्या हवेचे स्वतःचे कोष्टक तयार होईल, आणि गंडभेरुंडाच्या पंखांवरील रेघा रंगाखालीही बोटाला लागतील.