साडेसहा पौंडांचे विश्वविजेतेपद

वाशीमच्या श्रोत्यांपुढे स्नूकरचा विषय मांडावयाचा म्हणजे प्रथम शंका येते. बारा फूट लांब, सहा फूट रुंद असे ते हिरव्या बनातीचे टेबल साहेबांच्या क्लबातले. त्याचे आमच्या वऱ्हाडाशी नाते काय? नाते आहे. हा खेळ विलायतेत जन्मला नाही. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत, पावसाळ्यात कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो रचला. आणि वऱ्हाड १९०३ मध्ये ज्या मध्यप्रांताला जोडले गेले, त्यातलेच हे जबलपूर. नेव्हिल चेंबर्लेन या तरुण अधिकाऱ्याकडे खेळाचे जनकत्व जाते. (पुढे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत.) वूलिचच्या लष्करी विद्यालयात नवख्या पोरांना 'स्नूकर' म्हणत. एका गड्याचा सोपा फटका हुकला, चेंबर्लेनने त्याला तोच शब्द ऐकविला, आणि तो खेळालाच चिकटला.

खेळ असा : पांढऱ्या चेंडूने आधी एक तांबडा खिशात घालावयाचा, मग एक रंगीत. तांबड्याचा गुण एक. रंगीतांचे दोनपासून सातपर्यंत. तांबडे पंधरा. प्रत्येकाबरोबर सात गुणांचा काळा घेतला तर पंधरा अठ्ठे १२०, शेवटी सहा रंगीतांचे २७, मिळून १४७. पण खरी मौज गुणांत नाही. प्रतिपक्षाचा पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूच्या आड दडवून त्याची सरळ वाट बंद करणे, यात कसब आहे. बुद्धिबळ जाणणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

तथापि धंदेवाईक खेळाडूंत मान होता बिलियर्ड्सला. स्नूकर म्हणजे वेळ घालविण्याचा उद्योग. १९२४ मध्ये टॉम डेनिसने विश्वविजेतेपदाची स्पर्धा मागितली. प्रेक्षक येतील की नाही, अशी शंका काढून चालकांनी ती नाकारली. पुढे ज्यो डेव्हिस आणि बर्मिंगहॅमचे कॅमकिन यांनी खटपट करून मान्यता मिळविली. दहा खेळाडू उतरले. मे १९२७ मध्ये कॅमकिनच्याच हॉलात डेव्हिसने त्याच डेनिसला २०-११ असे हरविले. तिकिटांच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा करंडक घेण्यात गेला. विजेत्याच्या हाती पडले साडेसहा पौंड, तेव्हाच्या दराने शंभर रुपयेही नव्हेत! साऱ्या स्पर्धेतला सर्वोच्च डाव अवघ्या ६० गुणांचा. १९३१ मध्ये तर दोघेच स्पर्धक उरले आणि सामना डेनिसच्या नॉटिंगहॅममधील दारूगुत्त्याच्या मागच्या खोलीत झाला. डेव्हिसने मात्र खेळ सोडला नाही. १९४६ पर्यंत पंधरा वेळा तो जिंकला. तोच करंडक विजेत्याला आजही देतात.

आपल्याकडचे थोर खेळाडू राहिले हौशी. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेतेपद मिळविले. पण हौशी गड्याला खेळावर पोट भरता येत नाही, हे आमच्या मते त्यांच्या पिढीचे खरे दुखणे. धंदेवाईक स्नूकरात आपण उशिरा शिरलो. २०१३ मध्ये मुंबईच्या आदित्य मेहताने दिल्लीतील स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरविले.