समजून घ्या : ‘पेट्रोलियम’मध्ये दडलेला लॅटिनचा सोपा नियम

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला इंधनाच्या टँकरची वर्दळ रोजचीच. टँकरवरचा ‘पेट्रोलियम’ हा शब्द मात्र लॅटिनमधून आला आहे. ‘पेत्रा’ म्हणजे खडक आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल. दवाखान्यातले ‘सिरम’ही तसेच, मूळ ‘सेरुम’ म्हणजे दुधाची निवळी. वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना असे कितीतरी शब्द पाठ करावे लागतात. त्यामागचा नियम कळला, तर हे ओझे हलके होते.

नियम काय आहे?

लॅटिन नामांचे पाच गट आहेत. दुसऱ्या गटातली नपुंसकलिंगी नामे सहसा ‘उम’ने संपतात. उदाहरणार्थ, ‘युगुम’ म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू.

• कर्ता आणि कर्म : युगुम (एकवचन), युगा (अनेकवचन)
• जुवाचा, जुवांचा : युगी, युगोरुम
• जुवाला किंवा जुवाने : युगो; अनेकवचनात युगीस

पुल्लिंगी ‘सेर्वुस’ (दास) कर्म झाला की ‘सेर्वुम’ होतो. नपुंसकलिंगी नाम कर्ता असो वा कर्म, बदलत नाही. अनेकवचनात दोन्हीकडे ‘आ’ येतो. बाकीची रूपे पुल्लिंगीसारखीच.

मराठी विद्यार्थ्यांना सोपे का?

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. ‘वनम्’ कर्ता असो वा कर्म, ‘वनम्’च राहते; अनेकवचनात दोन्हीकडे ‘वनानि’. मराठीतही ‘फळ पडले’ आणि ‘फळ खाल्ले’ यांत ‘फळ’ बदलत नाही. लॅटिन ‘युगुम’ आणि संस्कृत ‘युगम्’ यांचे मूळ एकच. मराठी ‘जू’ त्या ‘युग’मधूनच आले आणि तेही नपुंसकलिंगीच राहिले.

फसगत कुठे होते?

• ‘डेटा’ मुळात अनेकवचन आहे. एकवचन ‘दातुम’, म्हणजे दिलेले.
• ‘बॅक्टेरिया’ अनेक. एक असेल तर ‘बॅक्टेरियम’.
• ‘कॅमेरा’त शेवटी ‘आ’ असला, तरी तो पहिल्या गटातला, स्त्रीलिंगी आणि एकवचनी शब्द आहे. मूळ अर्थ खोली.
• ‘व्हायरस’ हा अपवाद. शेवट ‘उस’चा, पण लॅटिनमध्ये शब्द नपुंसकलिंगी.

लक्षात कसे ठेवावे?

शब्द एकटा पाठ न करता जोडीने करावा : ओव्हम-ओव्हा, बॅक्टेरियम-बॅक्टेरिया. मग परीक्षेत ‘एक बॅक्टेरिया’ लिहिण्याची चूक होणार नाही.